उघड्या फुलाला दोरा

दोरा बांधला तेव्हा फूल आधीच उघडलेलं होतं. एक नव्हे, तिन्ही. ही गोष्ट भाचीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती, आणि वर्षभर तिने ती कोणाला सांगितलीही नव्हती.

मावशीचा मळा एवढासा होता. एका टोकाला उभं राहून हाक मारली, तर दुसऱ्या टोकाची कोंबडी मान वर करायची. पण त्या एवढ्याशा जागेत मावशी बाजारात न मिळणाऱ्या भाज्या लावायची आणि त्यांचं बी धरायची. दोन तऱ्हेच्या काकड्या, एक काळपट टोमॅटो, वेलावरच्या शेंगांचे चार प्रकार, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे 'पाहुणा'. पाहुणा हा भोपळा. लांबट, फिकट हिरवा, अंगावर पांढऱ्या रेघा. तीस वर्षांपूर्वी घरी राहून गेलेल्या कोणीतरी जाताना चार बिया ठेवल्या. माणसाचं नाव मावशी विसरली, भोपळा मात्र कायमचा मुक्कामाला राहिला.

दर हंगामाच्या शेवटी मावशीच्या ओसरीवर बारा घरची माणसं जमायची आणि बियांच्या पुड्या घेऊन जायची. पुडीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: वाण, वर्ष आणि हात. हात म्हणजे ज्याने फुलं बांधली त्याचं नाव. भोपळ्याच्या बाबतीत तर ते लिहायलाच हवं, कारण भोपळ्याला शेजारपाजारचं कोणीही चालतं. मधमाशी लांबून दुसऱ्याच कुठल्या वेलाचा पराग अंगावर घेऊन येते, आणि पुढच्या वर्षी वेलीला भलतंच काहीतरी लागतं. म्हणून मावशी संध्याकाळी वेलांतून वाकून फिरायची. उद्या उघडणारी कळी आदल्या दिवशी टोकाला पिवळी होते. अशा नर आणि मादी, दोन्ही कळ्यांची तोंडं ती दोऱ्याने बांधून ठेवायची. सकाळी सोडायची, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलात घासायची, आणि मादी फूल परत बांधून टाकायची. मग देठाला लाल दोरा. लाल दोऱ्याचं फळ म्हणजे बी धरायचं फळ. ज्याला दोरा नाही, ते स्वयंपाकघरात.

भाचीने वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली त्या वर्षी ती दोन महिने मावशीकडे राहायला आली. मावशीने तिचं नाव ठेवलं 'प्रोफेसर'. दारावर कोणीही आलं तरी सांगायची, "आमची प्रोफेसर आलीये. मी तीस वर्षं जे करते त्याला काय म्हणतात ते हिने मला परवा सांगितलं." भाचीला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा मावशीची चार फळं बांधून झाली होती. तिला सात हवी होती. सात फळांचं बी एकत्र मिसळलं की वाण अंगाने धडधाकट राहतो, असा तिचा अनुभव होता, आणि भाचीच्या पुस्तकातही तेच होतं. नेमका त्याच दिवशी पाटाच्या कडेला मावशीचा पाय मुरगळला. घोटा वांग्यासारखा सुजला. वेलावर तीन मादी कळ्या पिवळ्या झाल्या होत्या, आणि त्यानंतरच्या कळ्या काही दिसत नव्हत्या. "संध्याकाळी तेवढ्या तीन बांधशील?" मावशीने पलंगावरून विचारलं. भाची म्हणाली, त्यात काय.

त्या संध्याकाळी ती नोकरीचा अर्ज लिहायला बसली. बियाणं तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत जागा होती आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं: 'हाताने परागीभवन करण्याचा प्रत्यक्ष अनुभव.' वाक्य दोनदा बदललं. 'प्रत्यक्ष' काढला, पुन्हा घातला. तेवढ्यात बाहेर अंधारलं, आणि कळ्या तिच्या डोक्यातून पार निघून गेल्या.

सकाळी साडेसातला ती वेलात पोचली तेव्हा तिन्ही फुलं पेल्यासारखी उघडी होती. एकात मधमाशी होती, पिवळ्याधमक पायांची. भाचीने तिला हुसकलं. मग शेजारचं एक उघडं नर फूल तोडून तिन्हींत घासलं, पाकळ्या दाबून बांधल्या, आणि तिन्ही देठांना लाल दोरा बांधला. बांधताना तिने मनातल्या मनात हिशेबही मांडला. आसपास दुसरा भोपळा दिसत नाही. मधमाशी ह्याच वेलावरची असण्याची शक्यता मोठी. बाहेरचा पराग आलाच, तरी आपणही भरपूर घातलाय. एकूण धोका फार तर दहा टक्के. हा दहाचा आकडा कुठून आला, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"किती झाली?" मावशीने विचारलं.

"तीन."

"शाब्बास."

एवढंच. 'मावशी, राहून गेलं गं' म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मावशीने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि चार फळांवर भागवलं असतं. पण आदल्याच दिवशी दाराशी आलेल्या टेलरबाईंना मावशीने सांगितलं होतं, की माझ्यापेक्षा हिचा हात नीट चालतो. त्या वाक्यानंतर भाचीची जीभ रेटली नाही.

फळं पिकली. सातही गोड निघाली. भाचीला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी तिची पदवी तिच्या छातीवर बसली. फळाचा गर हा वेलीच्याच अंगाचा असतो. बाप कोण, ते फक्त बीला ठाऊक. गर चाखून काहीच कळत नाही. ती शेवटची तीन फळं तिला नेमकी ओळखू येत होती, त्यांच्यातलं बी बाजूला काढणं मिनिटभराचं काम होतं. तिने हात पुढे केला तेवढ्यात मावशीने सातही फळांचं बी एकाच घमेल्यात ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

पुड्या लिहिताना मावशी 'हात' च्या पुढे दोघींची नावं घालायला निघाली. भाची म्हणाली, "तुझंच लिही गं, मी काय, तीनच तर बांधली." मावशीला तो तिचा मोठेपणा वाटला. तिने तो बाराही घरी सांगितला.

भाचीला नोकरी लागली. शहरात पांढऱ्या फरशीच्या खोलीत बसून ती ओल्या कागदावर शंभर शंभर बिया मांडायची, उगवलेल्या मोजायची, आणि नव्व्याण्णव असतील तर नव्व्याण्णवच लिहायची. साहेब तिच्या काटेकोरपणाचं चारचौघांत कौतुक करायचे. तिला ते ऐकवत नसे.

पुढचा हंगाम सुरू होऊन दोन महिने झाले आणि मावशीचा फोन आला. सिस्टर, म्हणजे मावशीच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स, दवाखान्यात होत्या. पाहुण्याची भाजी केली, कडू लागली, वाया कशाला घालवायची म्हणून रेटून खाल्ली. रात्रभर उलट्या, सकाळी सलाइन. "आता बऱ्या आहेत," मावशी म्हणाली. "पण कडू कसा गं निघाला? तीस वर्षांत कधी नाही."

कडूपणा कुठून आला ते भाचीला लगेच कळलं. गेल्या साली मावशीकडूनच बी नेणाऱ्या मास्तरांनी रस्त्यापलीकडच्या कुंपणावर शोभेचे भोपळे सोडले होते, मुठीएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, नुसते बघायचे. त्या दोन महिन्यांत ती त्या कुंपणावरून रोज जात होती. त्या जातीत कडू द्रव्य असतं, आणि दोहोंच्या संकरातून येणाऱ्या फळात ते हमखास उतरतं. विषच म्हणायचं.

"मास्तरांच्या कुंपणावरचा पराग गेला असेल," ती म्हणाली.

"बांधलेल्या फुलात?"

आत्ता सांगायचं, असं भाचीने स्वतःला बजावलं. पण मावशीच पुढे बोलू लागली. "तुझी तीन तर नीटच असणार. माझीच चार. संध्याकाळी चष्मा न लावता बांधते मी. एखादी पाकळी उघडी राहिली असेल, दिसली नसेल. वय झालं, प्रोफेसर."

त्या दिवशी भाची म्हणाली, की असं काही नसतं मावशी, आणि फोन ठेवला. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, समोर बसून सांगू, असं तिने ठरवलं. मग रजा मिळेना. मग मिळाली तेव्हा ताप आला. ताप खरा होता, तो आल्याचा आनंदही खरा होता. मधल्या काळात आईकडून एकेक कळत गेलं. आणखी तीन घरी कडू फळं निघाली. मावशीने बाराही घरी निरोप धाडून वेल उपटायला लावले. स्वतःचेही उपटले. ती नेहमी सगळ्यांच्या नंतर पेरायची, कोणाचं काही बिघडलं तर बी हाताशी असावं म्हणून. तिच्या वेलांना अजून फळही धरलं नव्हतं. मावशी डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मावशी म्हणाली, डॉक्टरला काय कळतंय. तिने सुईत दोरा ओवणं सोडलं. रस्ता ओलांडताना उगीच थांबू लागली.

पहिल्या फोनपासून भाची मळ्याच्या फाटकात उभी राहीपर्यंत बावीस दिवस गेले. तिने मोजले होते.

मावशीने तिला आल्या आल्या टेबलाशी बसवलं. समोर बारा कोरी पोस्टकार्डं आणि पेन. "तुझं अक्षर चांगलंय. मला हल्ली रेघ सरळ येत नाही. लिही: माझ्या नजरेच्या चुकीमुळे तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. यापुढे माझ्याकडून बी नेऊ नये. आधी नेलेलं असेल तर तेही पेरू नये."

भाचीने 'माझ्या' लिहिलं. पेन तिथेच टेकून राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला. मावशीने वाकून पाहिलं.

"काय झालं? 'नजरेच्या' अडलं?"

"मावशी, तुझी नजर चांगली आहे." तिने पेन खाली ठेवलं. "ती तीन फुलं मी संध्याकाळी बांधलीच नव्हती. विसरले. सकाळी गेले तेव्हा उघडी होती. एकात मधमाशी होती. मी तशीच पराग लावून दोरे बांधले आणि तुला तीन झाली म्हणून सांगितलं."

मावशी सरळ झाली. बाहेर कोंबड्या कुठल्याशा गोष्टीवरून भांडत होत्या.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं. "हे ह्याच्यामुळे झालं, हे कधी कळलं?"

"तू फोन केलास तेव्हाच."

"तेव्हाच," मावशी म्हणाली.

भाची घाईघाईने बोलू लागली. गाडीत सगळं जुळवून ठेवलेलं होतं, ते आता एकावर एक पडत बाहेर आलं. की बिघाड फक्त गेल्या सालच्या बियांत आहे. की त्याच्या आधीचं बी शुद्ध आहे, कपाटात बरण्या आहेत, भोपळ्याचं बी पाच वर्षं सहज टिकतं, पुढच्या हंगामात तेच लावायचं, वाण कुठेही जात नाही. "जुन्या बरण्यांतलं बी चांगलं आहे मावशी. सगळं चांगलं आहे."

"होतं," मावशी म्हणाली.

ती उठली आणि तिने कपाट उघडलं. बरण्या ओळीने उभ्या होत्या, धुऊन पुसून, झाकणं बाजूला. पाहुण्याच्या, दोन्ही काकड्यांच्या. जे जे फूल बांधून धरलेलं, ते सगळं. वाऱ्या-माशीची भीती नसलेलं, शेंगांचं आणि टोमॅटोचं, तेवढं खालच्या फळीवर जागच्या जागी होतं.

"परवा घातलं कोंबड्यांना," मावशीने सांगितलं. "ज्या डोळ्यांनी मागच्या वर्षी बांधलं, त्याच डोळ्यांनी त्याच्या आधीही बांधलं होतं ना. कुठल्या सालापासून बिघडलंय, मला काय ठाऊक. मी उद्या मेले तर कोणीतरी ह्या बरण्या उघडून वाटल्या असत्या. अजून कोणाच्या ताटात ते गेलं असतं."

परवा. भाचीने ताप उतरल्यावर एक दिवस विश्रांती घेतली होती, आणि त्यानंतर आणखी एक दिवस रविवार होता म्हणून थांबली होती.

ती रडली असती तर कदाचित सोपं झालं असतं. पण मावशीचा चेहरा असा काही होता, की तिला रडण्याचा हक्क आहेसं वाटेना. मावशी रागावलेली नव्हती. ती हिशेब लावत असल्यासारखी दिसत होती. तिने चष्मा काढला, खिडकीतून लांबच्या बांधाकडे पाहिलं, मग जवळच्या पोस्टकार्डाकडे.

"म्हणजे मला दिसतंय," ती म्हणाली.

"हो."

"तीन आठवडे मी आंधळी म्हणून वावरले गं."

मावशीने पोस्टकार्डं गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाली, की कार्डबिर्ड काही नको. बारा घरं आहेत, पायी होण्यासारखी आहेत. स्वतः जायचं, स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि विचारायचं कोणाकडे गेल्या सालच्या आधीची पुडी उरलीय का. आधी सिस्टरकडे.

सिस्टर दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेशंटची तक्रार ऐकावी तसं, मध्ये न बोलता. मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं इंजेक्शनं दिली. एकदा चुकीचं दिलं. त्याच मिनिटाला डॉक्टरांना जाऊन सांगितलं, म्हणून तो माणूस वाचला." त्या भाचीला बरं वाटावं म्हणून हे सांगत नव्हत्या, आणि भाचीलाही तसं वाटलं नाही. जुनी पुडी त्यांच्याकडे नव्हती.

पुढच्या घरांत ती तेच वाक्य म्हणत गेली. पहिल्या दोन घरांत तिने 'गडबडीत' हा शब्द घातला होता, तिसऱ्या घरापासून तो आपोआप गळला. बेकरीवाल्याने जाऊ द्या हो म्हटलं आणि वर खायला बिस्किट दिलं, ते ती तसंच हातात धरून पुढच्या घरी गेली. मास्तर स्वतःच कानकोंडे झाले, कुंपणावरचे शोभेचे वेल काढून टाकू का विचारू लागले. त्यांना समजावता समजावता तिचा घाम निघाला, की चूक वेलाची नाही, तुमची नाही, माझी आहे. एका घरी म्हातारबुवांना ऐकू कमी यायचं. त्यांच्यासाठी सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि पलीकडच्या दोन खिडक्या उघडल्या. जुनं बी कुठेच नव्हतं. मावशीकडून दर साली ताजं मिळतं, तर शिळं कोण ठेवतो.

शेवटचं घर टेलरबाईंचं. मशीनवर पडद्याचं कापड चढवलेलं होतं. त्यांनी पाय थांबवला, ऐकलं, आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या.

"माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वीची पुडी. त्या साली बाळंतपणं होती घरात, पेरायचं राहिलं. अकरा बिया असतील."

भाची लगेच पुढे झाली. "द्या ना बाई. मी आत्ता नेऊन देते."

टेलरबाईंनी मान हलवली. "तुला नाही देणार. राग धरू नकोस. तू खरं सांगायला आलीस, ते मी चारचौघांत सांगेन. पण बी नाही. मावशी आली तर तिच्या हातात देईन."

भाचीला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं, की मी प्रयोगशाळेत रोज बी हाताळते, की माझ्यावर तिथे हजारो पुड्यांचा भरवसा टाकतात. तिने ते म्हटलं नाही. ती उलट पावली मळ्यात गेली आणि निरोप जसाच्या तसा सांगितला, 'तुला नाही देणार' सकट.

"बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाली, आणि तिने पायात चपला सरकवल्या.

दोघी निघाल्या. रस्ता ओलांडताना मावशी थांबली नाही, सरळ चालू लागली, एवढं भाचीच्या लक्षात आलं. टेलरबाईंच्या फाटकाशी भाची आपण होऊनच बाहेर थांबली. मावशीने तिला आत बोलावलं नाही.

खिडकीतून दिसत होतं. दोघी मशीनच्या फळीवर वाकल्या होत्या. मावशीने पुडी उलगडली. एकेक बी चिमटीत धरून, उजेडाकडे करून, बोटाने दाबून पाहिलं. नऊ एका बाजूला ठेवल्या, दोन दुसऱ्या. मग त्या दोनांतली एक परत उचलली, पुन्हा पाहिली, आणि दहावी म्हणून ठेवली. टेलरबाई काहीतरी म्हणाल्या. मावशी हसली. गेल्या बावीस दिवसांत ती हसली होती की नाही, हे भाचीला ठाऊक नव्हतं. ती तिथे नव्हतीच.

मावशी बाहेर आली तेव्हा पुडी तिच्या मुठीत होती. भाचीने सवयीने हात पुढे केला, ओझं घ्यायला करतात तसा, आणि अर्ध्यावरच मागे घेतला.

"फुलं येतील तेव्हा येऊ का?" तिने विचारलं.

मावशी चालू लागली. "ये," ती म्हणाली. "बघायला ये. दोरा मी बांधीन."

भाची हो म्हणाली. पुढची वाट अरुंद होती, पाटाच्या कडेने, एकामागून एक चालावं अशी. मावशी पुढे झाली, आणि ती मागून चालू लागली.